हवा किती भरायची?

मराठीत 'हवा' हा शब्द मोठा गमतीचा आहे. हवा पालटायला आपण महाबळेश्वरला जातो, एखाद्याच्या डोक्यात हवा जाते, निवडणूक आली की कुणाची तरी हवा असते आणि निकालाच्या दिवशी ती निघून जाते. 'मला चहा हवा' यातला 'हवा' तर आणखी वेगळाच. आयुष्यभर शाळेत मराठी शिकवल्यामुळे असले शब्द दिसले की मला त्यांच्याशी खेळत बसायची सवय आहे. पण टायरमधल्या हवेवर आपण कधी चार ओळी लिहू असं मात्र वाटलं नव्हतं. मी साधी स्कूटरसुद्धा कधी चालवली नाही. भिवंडीत रिक्षा आणि एस.टी. यांवर सगळी नोकरी झाली.

तर सांगायची गोष्ट अशी की आमच्या घरात दोन महिने या हवेवरून वाद चालला होता. वाद म्हणजे भांडण नव्हे, पण जेवताना सगळे एकदम गप्प होतात ना, तसलं काहीतरी. कारण होता आमचा नातू. तो माझ्या धाकट्या जावेचा नातू, पण मला 'मोठी आजी' म्हणतो आणि हक्क दोघींवर सारखाच गाजवतो. वय चोवीस, नोकरी बंगळूरला. पहिल्या दोन वर्षांच्या पगारातून त्याने एक छोटी गाडी घेतली आणि ती गाडी घेऊन त्याला 'ट्रॅक डे'ला जायचं होतं.

ट्रॅक डे म्हणजे काय हे मलाही आधी माहीत नव्हतं. ही शर्यत नसते. पहिला-दुसरा नंबर नाही, बक्षीस नाही. शर्यतीसाठी बांधलेला बंदिस्त रस्ता एका दिवसासाठी खुला करतात. पैसे भरायचे, हेल्मेट घालायचं, गाडीची तपासणी करून घ्यायची आणि पंधरा-वीस मिनिटांच्या पाळीत आपली स्वतःची गाडी हवी तेवढ्या वेगाने चालवायची. समोरून कुणी येत नाही, मध्ये म्हैस नाही, खड्डा नाही, वळणाबाहेर मोकळी जागा सोडलेली असते. मग गाडी आत आणायची, थंड होऊ द्यायची आणि पुढच्या पाळीला पुन्हा जायचं.

असे रस्ते आपल्या देशात मोजकेच. दिल्लीजवळ ग्रेटर नोएडाला बुद्ध सर्किट आहे, तिथे २०११ ते २०१३ अशी तीन वर्षं फॉर्म्युला वनची शर्यत झाली होती. कोइम्बतूरला कारी मोटर स्पीडवे आहे. आणि सगळ्यात जुना म्हणजे चेन्नईच्या बाहेर श्रीपेरुंबुदूरजवळ इरुंगट्टुकोट्टैचा. मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबने तो १९९० साली सुरू केला. त्याआधी मद्रासचे लोक शोलावरमच्या जुन्या, युद्धकाळातल्या धावपट्टीवर शर्यती लावत. एक फेरी ३.७१७ किलोमीटरची आणि तीत बारा वळणं. हा सगळा शौक मद्रासकडेच का रुजला असावा, असं मी नातवाला विचारलं, तर त्याने एक छान गोष्ट सांगितली. एम.आर.एफ. म्हणजे मद्रास रबर फॅक्टरी. के. एम. माम्मेन माप्पिल्लै यांनी १९४६ साली तिरुवोट्टियूरला एका शेडमध्ये खेळण्यातले फुगे बनवायला सुरुवात केली, त्यातून पुढे ही टायरची कंपनी झाली. फुग्यापासून टायरपर्यंत! शेवटी दोन्हींत हवाच.

आता वादाचं कारण. ते सांगायला मला चाळीस वर्षं मागे जावं लागेल.

आमच्या ह्यांचा धाकटा भाऊ, म्हणजे माझे दीर, ट्रकवाले होते. स्वतःचा एक ट्रक, स्वतःच चालवायचे, बरोबर एक क्लीनर. भिवंडीतले ग्रे कापडाचे तागे भरून मुंबई-आग्रा रस्त्याने मालेगाव, धुळे, कधी इंदूरपर्यंत जायचे. निघण्यापूर्वी हातात टॉमी घेऊन सगळ्या चाकांवर एकेक ठोका मारत गाडीभोवती फिरायचे. 'ठण्ण' असा आवाज आला की चाक ठीक, 'भद्द' आला की हवा गेलेली. मी एकदा दारात उभी राहून बघत होते तेव्हा म्हणाले, "वहिनी, तुम्ही पोरांची तोंडी परीक्षा घेता ना, तशी ही आमची."

१९८५ च्या मे महिन्यात, भर दुपारी, इगतपुरीच्या पुढे त्यांच्या ट्रकचा पुढचा डावा टायर फुटला. ट्रक रस्ता सोडून नाल्यात गेला. क्लीनर वाचला, भाऊजी गेले. जाऊबाई तेव्हा एकतीस वर्षांच्या आणि मुलगा नऊ वर्षांचा. टायर का फुटला हे कुणी सांगितलं नाही. पंचनाम्यात 'टायर फुटून' एवढेच दोन शब्द. पण माणसाच्या मनाला कारण लागतं. गोळा झालेल्या मंडळींपैकी कुणीतरी म्हणालं, "मेचं ऊन, टायर फुगला असणार." ते वाक्य जाऊबाईंनी मनात धरून ठेवलं. तेव्हापासून घरात नियम झाला: उन्हाळ्यात टायरमध्ये हवा कमी ठेवायची. आधी मुलाच्या लुनात, मग स्कूटरमध्ये, मग गाडीत. मुलगा आता पन्नाशीला आला, कापडाचाच व्यवसाय करतो, तरी होळी झाली की पंपावर जाऊन तेहेतीसची हवा सत्तावीसवर आणतो आणि आईला येऊन सांगतो, "काढली गं." आईच्या समाधानासाठी म्हणून सुरू झालेली गोष्ट, पुढे त्यालाही तेच बरोबर वाटायला लागलं.

अशा घरातला मुलगा वेगाने गाडी चालवायला जाणार म्हटल्यावर काय होणार? जाऊबाईंनी एका शब्दात सांगितलं, "नाही." कारण दिलं नाही. द्यायची गरजच नव्हती.

मग तो माझ्याकडे आला. म्हणाला, "मोठी आजी, तू सांग ना तिला. तुझं ऐकते ती."

मी म्हटलं, "मला जे समजत नाही ते मी कुणाला समजावून सांगत नाही. आधी तू मला शिकव."

गणेशोत्सवासाठी तो आठ दिवस घरी होता. त्या आठ दिवसांत रोज संध्याकाळी आमचा वर्ग भरायचा. विद्यार्थिनी मी, गुरुजी तो. :-) जे कळलं ते तुमच्यासाठी लिहिते, कारण त्यातलं बरंचसं तुमच्या-आमच्या गाडीलाही लागू आहे.

पहिला धडा असा की पंपावर आपण 'तेहेतीस मार' म्हणतो तो आकडा गार टायरचा असतो. गाडी निदान तीन तास उभी असली किंवा दोनेक किलोमीटरच चाललेली असली, तरच टायर गार म्हणायचा. गाडीच्या दाराच्या चौकटीवर किंवा पेट्रोलच्या झाकणाच्या आत जी चिठ्ठी चिकटवलेली असते, तिच्यावरचे आकडेही गार टायरचेच. चाललं की टायर तापतो आणि आतल्या हवेचा दाब वाढतो. किती वाढतो याचं गणित शाळेतल्या विज्ञानाच्या पुस्तकातलंच आहे. मी ते एका जुन्या वहीच्या पाठकोऱ्या पानावर स्वतः करून पाहिलं.

काटा दाखवतो तो बाहेरच्या हवेपेक्षा जास्तीचा दाब. म्हणून आधी त्यात बाहेरच्या हवेचे १४.७ मिळवायचे. तापमानात २७३ मिळवायचे. समजा सकाळी ३० अंशाला टायरमध्ये २८ हवा आहे. म्हणजे खरी ४२.७. सर्किटवर चार-पाच फेऱ्या जोरात मारल्या की आतली हवा ८० अंशांपर्यंत तापली असं धरू. ४२.७ ला ३५३ ने गुणायचं, ३०३ ने भागायचं, उत्तरातून १४.७ वजा करायचे. उत्तर आलं ३५. म्हणजे वीस मिनिटांत सात पॉइंट वाढले आणि हवा तर कुणी भरली नाही! तेच सकाळी ३३ भरून गेलं तर ४१ होतात.

मग ४१ झाले तर बिघडलं काय? तर टायर मधोमध फुगतो, रस्त्याला त्याचा मधलाच भाग टेकतो, कडा उचलल्या जातात. वळणावर गाडी धरून ठेवायला जेवढं रबर रस्त्याला टेकायला हवं तेवढं टेकत नाही आणि गाडी घसरते. म्हणून सर्किटवर जाणारे लोक सकाळी हवा मुद्दाम कमी ठेवतात. त्यांना गार आकड्याशी काही देणंघेणं नसतं, तापल्यावरचा आकडा बरोबर यायला हवा. नातवाच्या गाडीला, त्या टायरला, तापल्यावर ३५ मानवतात. दुसऱ्या गाडीला, दुसऱ्या टायरला दुसरा आकडा. तो सांगणारं कोष्टक कुठेही तयार मिळत नाही, ज्याचं त्यानेच शोधायचं.

कसं शोधायचं? इथे मला फार मजा आली, कारण यात खडू लागतो. आपला फळ्यावरचा खडू! टायरच्या खांद्यावर, म्हणजे नक्षीदार भाग संपून बाजूची भिंत सुरू होते तिथे, खडूने आडव्या रेघा ओढायच्या. फेऱ्या मारून आलं की बघायचं, खडू कुठपर्यंत पुसला गेला. खूप खाली, भिंतीपर्यंत पुसला असेल तर टायर वळणावर मुडपतोय, म्हणजे हवा कमी. खांद्यावरचा खडू जशास तसा असेल तर हवा जास्त. बऱ्याच टायरच्या खांद्यावर एक छोटासा त्रिकोण कोरलेला असतो, साधारण त्याच्या टोकापर्यंत पुसला गेला की जमलं. चौतीस वर्षं मी खडू हातात धरला, पण त्याचा असाही उपयोग असेल हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं.

ज्यांच्याकडे साधनं असतात ते टायरच्या रबराचं तापमान तीन ठिकाणी मोजतात: आतली कड, मध्य आणि बाहेरची कड. मध्य जास्त तापला असेल तर हवा जास्त. दोन्ही कडा जास्त तापल्या असतील तर हवा कमी. टायर स्वतःच सांगतो, आपण विचारायला हवं.

पहिली पाळी झाली की गाडी आत येते. आल्या आल्या, मिनिटभराच्या आत, चारही टायर मोजायचे, कारण उशीर केला की गार व्हायला लागतात. जो पस्तीसच्या वर गेला त्यातली जास्तीची हवा सोडायची. आणि चारही सारखे कधीच येत नाहीत. हे सर्किट घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरतं, म्हणजे उजवी वळणं जास्त. उजव्या वळणावर गाडीचा भार डावीकडे जातो, त्यामुळे डावे टायर जास्त राबतात आणि जास्त तापतात. म्हणून सकाळी डाव्या बाजूला हवा एखादा पॉइंट कमीच भरायची. उन्हात उभ्या गाडीच्या ज्या बाजूवर ऊन पडलंय तिकडचे टायर आधीच तापलेले असतात, म्हणून सकाळचं मोजमाप सावलीत करायचं. दुपारी रस्ता तापला की पुन्हा थोडी हवा सोडायची, आभाळ आलं तर पुन्हा भरायची. आणि दिवसभर काटा एकच वापरायचा. दोन काटे कधी एक आकडा दाखवत नाहीत. आपला काटा एक पॉइंट चुकत असला तरी चालतं, पण तो रोज तेवढाच चुकायला हवा. परीक्षकासारखंच आहे हे. कडक असला तरी चालेल, पण सगळे पेपर एकाच हाताने तपासलेले बरे.

नायट्रोजनचंही विचारून घेतलं, कारण पंपावर हल्ली त्याचे वेगळे पैसे घेतात. आपल्या साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो. फायदा आहे तो मुख्यतः तो कोरडा असतो याचा. दमट हवेतली वाफ तापली की दाबाचं गणित बिघडवते. शर्यतीत एका पॉइंटला किंमत असते तिथे ते ठीक. आपल्या रोजच्या गाडीला साधी हवा वेळेवर भरली तरी पुरते.

हे सगळं तो एका वहीत लिहून ठेवतो. तारीख, वेळ, उन्हाचं मान, चार टायर, गार किती, गरम किती, किती सोडली. वहीचं पान मी बघितलं आणि मनात म्हटलं, हा मुलगा बेदरकार नाही. बेदरकार माणूस रकाने आखत नाही.

आता मुख्य मुद्दा. चौथ्या-पाचव्या दिवशी मी त्याला सहज विचारलं, "मग संध्याकाळी परत निघताना टायरमध्ये किती उरते?"

तो म्हणाला, "दिवसभर तापलेल्या टायरमधून सोडत आलेलो असतो ना, त्यामुळे गार झाले की सव्वीस-सत्तावीस."

सत्तावीस! हा आकडा आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे.

"आणि तसाच निघतोस?"

"वेड लागलंय का, मोठी आजी? तिथून बंगळूर तीनशे किलोमीटर आहे. गाडीत छोटा कॉम्प्रेसर असतो. चारही ३३ भरल्याशिवाय मी गेटबाहेर पडत नाही."

मग त्याने मला जे समजावलं ते ऐकून मी बराच वेळ काही बोलले नाही. टायर चालतो तेव्हा खाली टेकलेला भाग दर फेरीला थोडा दबतो आणि वर आला की सरळ होतो. ताशी १२० च्या वेगाने छोट्या गाडीचं चाक सेकंदाला सतरा-अठरा वेळा फिरतं. तेवढ्या वेळा ती भिंत वाकते आणि सरळ होते. एखादी तार आपण हाताने पुढे-मागे वाकवत राहिलो तर ती तापते आणि शेवटी तुटते, तसंच. हवा कमी असली की भिंत जास्त वाकते, जास्त तापते, रबराचे आणि आतल्या धाग्यांचे थर सुटायला लागतात आणि टायर फुटतो. आपण समजतो उन्हाने हवा फुगून टायर फुटला. पण २५ अंशाला भरलेली ३३ हवा ४५ अंशांच्या उन्हात साधारण ३६ होते. एवढं टायर बनवणाऱ्याने आधीच धरलेलं असतं. चांगल्या टायरला जास्त हवेपेक्षा कमी हवेची भीती मोठी.

मग सर्किटवर कमी हवा कशी चालते? कारण तिथे गाडीत एकटा चालक. सामान, स्टेपनीसुद्धा बाहेर काढलेली. पंधरा-वीस मिनिटांत गाडी परत येते आणि लगेच काटा लागतो. कमी हवा ठेवणाराने ती मोजत राहायची असते. महामार्गावर गाडीत पाच माणसं, डिकीत सामान, तीन-चार तास सलग वेग, आणि मोजणारं कुणी नाही.

आणि आमच्याकडचा महामार्ग म्हणजे समृद्धी! नागपूरहून निघालेला ७०१ किलोमीटरचा हा रस्ता आमच्याच भिवंडी तालुक्यात आमण्याला येऊन संपतो. ११ डिसेंबर २०२२ ला नागपूर ते शिर्डी सुरू झाला आणि ५ जून २०२५ ला इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा. रस्ता सिमेंटचा, सरळसोट, गाड्यांना ताशी १२० ची मुभा. रस्ता सुरू झाल्यावर टायर फुटून अपघात व्हायला लागले, तेव्हा परिवहन खात्याने प्रवेशद्वारांवर टायर तपासायला सुरुवात केली, घासलेल्या टायरच्या गाड्या परत पाठवल्या. आमच्या जाऊबाईंचा मुलगा महिन्यातून दोनदा याच रस्त्याने कापडाच्या कामासाठी नागपूरला जातो. विदर्भातल्या मेच्या उन्हात. सत्तावीस हवेवर.

आता तुमच्या लक्षात आलं असेल की प्रश्न नातवाचा राहिलाच नव्हता.

सांगायला तर हवं होतं. पण कसं? चाळीस वर्षं जाऊबाईंनी जे कारण मनात जपलं होतं, तेच उलट निघालं तर? त्यातून पुढचा प्रश्न आपोआपच उभा राहतो. भाऊजीही उन्हाळ्यात हवा काढायचे का? रस्त्यावरचे पुष्कळ ट्रकवाले काढायचे. ट्रकच्या टायरमध्ये शंभरच्या आसपास हवा लागते, आणि टॉमीच्या ठोक्याने पंक्चर कळतं, पण शंभर आणि सत्तर यांतला फरक कळत नाही. हे सगळं मला आठ दिवसांत कळलं होतं आणि ते बोलायचं माझ्या जिवावर आलं होतं. गेलेल्या माणसाचा पेपर आपण पुन्हा कशाला तपासायचा?

रात्रभर विचार करून मी ठरवलं की जेवढं आज कामाचं आहे तेवढंच सांगायचं, पण जे सांगायचं ते खरं सांगायचं.

दुसऱ्या दिवशी दुपारी जाऊबाई मोदकांसाठी नारळ खवत होत्या. मी शेजारी पाट घेऊन बसले आणि तारेचं उदाहरण देऊन, वहीतली गणितं दाखवून सगळं सांगितलं. त्या मान खाली घालून ऐकत होत्या. खवणी थांबली नाही. माझं बोलून झाल्यावर बऱ्याच वेळाने म्हणाल्या, "ताई, मग ह्यांच्या टायरात त्या दिवशी हवा कमी होती का हो?"

ज्याला मी घाबरत होते तोच प्रश्न.

मी म्हटलं, "ते कुणालाच माहीत नाही. मोजलंच नव्हतं कुणी. टायर जुना असेल, रिमोल्ड सुटलं असेल, रस्त्यात काही लागलं असेल. आता ते कधीच कळणार नाही. पण मुलाच्या गाडीत किती आहे ते आपल्याला आज कळू शकतं."

त्यांनी नारळाची दुसरी वाटी घेतली. डोळे पुसले नाहीत, काही बोलल्या नाहीत. मला वाटलं, राहू दे, बोलून चूक नाही पण घाईही नको. संध्याकाळी आरतीनंतर त्यांनीच मुलाला हाक मारली आणि सगळ्यांसमोर म्हणाल्या, "उद्या पंपावर जा आणि ज्या चिठ्ठीवर जेवढी लिहिलीय तेवढी हवा भर. उन्हाळ्यातसुद्धा तेवढीच ठेवायची. मी सांगतेय."

चाळीस वर्षांचा नियम ज्याने घातला त्यानेच मोडावा लागतो. दुसऱ्या कुणी मोडला असता तर मुलाने ऐकलंही नसतं.

मग नातवाकडे वळून म्हणाल्या, "आणि तू. जा म्हणणार नाही मी. पण जाशील तेव्हा त्या वहीतले आकडे मला पाठवायचे. आणि परत निघताना भरलीस की नाही तेही."

तो गेल्या महिन्यात जाऊन आला. एका रविवारी सकाळपासून जाऊबाई फोन समोर ठेवून बसल्या होत्या. चष्मा लावूनही त्यांना ती बारीक अक्षरं दिसत नाहीत, म्हणून वाचायचं काम माझ्याकडे. पहिल्या पाळीनंतर पुढचा डावा ३७, पुढचा उजवा ३५, मागचे दोन्ही ३३. मी वाचत होते आणि त्या विचारत होत्या, "डाव्यातली काढली का?" काढली होती. दुपारच्या पाळीला चारही पस्तीसच्या आसपास आले तेव्हा त्यांनी नुसती मान हलवली. संध्याकाळी सव्वापाचला शेवटचा निरोप आला, "चारही ३३. निघतो." मी वाचून दाखवला. त्यांनी तो पुन्हा एकदा वाचायला लावला आणि मग मटकी भिजत घालायला उठल्या.

वाचकहो, तुमच्यापैकी कुणी सर्किटवर जाणार नाही हे मला माहीत आहे. पण घरात गाडी प्रत्येकाच्या आहे आणि आपल्यातले निम्मे समृद्धीने नाहीतर एक्स्प्रेसवेने जात-येत असतात. म्हणून मास्तरीणबाईंचा थोडा गृहपाठ. चिठ्ठीवरचा आकडा बघून ठेवा, पूर्ण भरलेल्या गाडीसाठी बहुतेक वेळा वेगळा आकडा दिलेला असतो. हवा सकाळी, गार टायरला तपासा. तापलेल्या टायरचा आकडा जास्त दिसला म्हणून हवा काढू नका. टायरवर एका लंबगोलात चार अंक असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि शेवटचे दोन वर्षाचे. २३२१ असेल तर तो टायर २०२१ च्या तेविसाव्या आठवड्यातला. नक्षीच्या खाचांत मध्ये मध्ये छोटे उंचवटे असतात, रबर झिजून त्यांच्या बरोबरीला आलं, म्हणजे १.६ मिलिमीटरवर आलं, की टायर बदलायचा. स्टेपनीतही हवा बघा, तिला सगळेच विसरतात. आणि शे-दोनशे रुपयांचा एक काटा स्वतःचा ठेवा.

आमच्याकडे तो काटा आता दाराजवळ, किल्ल्यांच्या खुंटीवर लटकवलेला असतो. जाऊबाईंनीच तो नातवाकडून मागवून घेतला. मुलगा नागपूरला निघतो त्या पहाटे त्या चपला घालून खाली उतरतात, तो वाकून वॉलला काटा लावतो आणि त्या शेजारी उभ्या राहून विचारतात, "किती?"